मॅट्रिक न झालेला माणूस टपाल खात्यात कारकून कसा होत असे?

प्रश्नकर्त्यांनी थोडक्यात असे लिहिले आहे : त्यांचे खापरपणजोबा १८८७ च्या सुमारास दक्षिण महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या पोस्टात कारकून म्हणून लागले. ते मॅट्रिक झालेले नव्हते, हे घरात सर्वांना ठाऊक आहे. जुन्या पेटीत त्यांच्या नावाचा एक जामीनकतबा, म्हणजे कोणीतरी त्यांच्यासाठी जामीन राहिल्याचा लेखी कागद, सापडला असून, त्याआधीची जवळजवळ दोन वर्षे ते त्याच कचेरीत ‘उमेदवार’ होते, असा उल्लेख एका घरगुती पत्रात आहे. भाऊबंदांपैकी काहींचे म्हणणे असे की, परीक्षा नाही आणि पदवी नाही, म्हणजे ही नोकरी सरळ वशिल्याची. तेव्हा त्या काळी टपाल खात्यात कारकून होण्यासाठी नेमके काय लागत असे, हा त्यांचा प्रश्न आहे.

मी स्वतः १९७५ मध्ये टपाल खात्यात क्लार्क म्हणून लागलो, पुढे सब-पोस्टमास्तर झालो, काही वर्षे नव्या मुलांना काम शिकवले, आणि निवृत्तीनंतर ओळखीपाळखीच्या लोकांना त्यांच्या आजोबा-पणजोबांची सेवापुस्तके आणि कागद वाचून देण्याचा नाद लागला. या अनुभवावरून मला वाटते की मूळ अडचण ‘पात्रता’ या शब्दात आहे. पात्रता म्हणजे परीक्षेचा दाखला, अशी आपली आजची समजूत आहे आणि तीच आपण शंभर-सव्वाशे वर्षे मागे नेतो. त्या काळच्या खात्याला उमेदवाराचे शिक्षण किती झाले आहे यापेक्षा त्याच्या हाती पैशाची पेटी आणि लोकांची पत्रे द्यावीत की नाहीत, ही चिंता अधिक होती. आपल्या पेटीतला जामीनकतबा हे त्या चिंतेचेच उत्तर आहे.

आधी एक गोष्ट मान्य करायला हवी. या प्रश्नाचे उत्तर वर्ष, गाव आणि हुद्दा या तिन्हींवर अवलंबून आहे. १८५४ पूर्वीचा काळ आणि नंतरचा काळ वेगळे आहेत. मुंबईचे जनरल पोस्ट ऑफिस आणि तालुक्याचे पोस्ट वेगळे आहेत. आणि घरात ज्याला ‘पोस्टात कारकून’ म्हणतात तो माणूस प्रत्यक्षात कारकून, सॉर्टर, ओव्हरसिअर किंवा गावच्या शाळेचा मास्तर असू शकतो. असे शाळामास्तर तर फार होते. लहान गावातले शाखा पोस्ट ऑफिस चालवायला खाते बहुधा शाळेच्या मास्तरालाच महिन्याचा अल्पसा भत्ता देऊन नेमत असे. त्याला स्वतंत्र उत्पन्न असावे, तो गावातच राहणारा असावा आणि पत्रे-पैसे ठेवायला त्याच्याजवळ जागा असावी, एवढेच पाहिले जाई. ग्रामीण शाखेच्या डाकपालाची ही कल्पना आजही फारशी बदललेली नाही. आपल्या खापरपणजोबांच्या बाबतीत मात्र उमेदवारी आणि जामीनकतबा दोन्ही असल्यामुळे ते पगारी कारकूनच होते, असे मी धरून चालतो.

ज्यांच्याकडून आपल्याकडे ही व्यवस्था आली त्या लंडनच्या टपाल कचेरीतही फार वेगळे चित्र नव्हते. इंग्रजी कादंबरीकार अँथनी ट्रॉलप हे १८३४ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, तेथे वार्षिक ९० पौंडांवर कनिष्ठ कारकून म्हणून लागले. जागा मिळाली ती घरच्या ओळखीने. परीक्षा म्हणून त्यांना एका जुन्या पिसाच्या लेखणीने वर्तमानपत्रातल्या काही ओळी उतरून काढायला सांगितले. त्यांनी कागदावर शाईचे डाग पाडले आणि शुद्धलेखनाच्या चुकाही केल्या. मग त्यांना सांगण्यात आले की घरून नीट हस्ताक्षराचा नमुना आणा आणि उद्या अंकगणिताची परीक्षा द्यायला या. दुसऱ्या दिवशी ते रात्री जागून सुरेख अक्षरात लिहिलेला नमुना घेऊन गेले, तर तो कोणी पाहिला नाही, अंकगणित कोणी विचारले नाही, आणि त्यांना थेट मेजापाशी बसवण्यात आले. हे त्यांनीच आपल्या आत्मचरित्रात नोंदवून ठेवले आहे. हाच माणूस पुढे खात्यात मोठ्या हुद्द्याला गेला आणि ब्रिटनमध्ये रस्त्यावरच्या टपालपेट्या सुरू होण्यास कारण ठरला. सरकारी नोकरभरतीवरचा नॉर्थकोट आणि ट्रेव्हेलियन यांचा अहवाल १८५४ मध्ये प्रसिद्ध झाला, १८५५ मध्ये सिव्हिल सर्व्हिस कमिशन नेमले गेले, आणि खुल्या स्पर्धेचा मार्ग १८७० मध्ये मोकळा झाला. १८५५ च्या त्या कमिशनला उमेदवाराच्या चार गोष्टी तपासायच्या होत्या : वय, प्रकृती, चारित्र्य आणि कामापुरते ज्ञान. त्यांत ज्ञान हा चारांपैकी एक भाग होता, हे लक्षात ठेवावे. कारण आपल्याकडेही हाच क्रम दिसतो.

आता मुंबई इलाख्याकडे येऊ. मुंबई विद्यापीठ १८५७ चे आणि त्याची पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ ची; त्या पहिल्या तुकडीत न्यायमूर्ती रानडे होते. म्हणजे त्याआधी लागलेल्या कोणाही कारकुनाकडे मॅट्रिकचा दाखला असणे शक्यच नव्हते, आणि त्यानंतरही कित्येक वर्षे मॅट्रिक झालेला मुलगा ही इतकी दुर्मीळ गोष्ट होती की त्याला महसूल, न्याय किंवा शिक्षण खात्यात याहून बरी जागा सहज मिळत असे. वायव्य प्रांतातील, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशातील, राय शालिग्राम १८४७ मध्ये आग्र्याला पोस्टमास्तर जनरलच्या कचेरीत कारकून म्हणून लागले आणि १८८१ मध्ये त्याच प्रांताचे पोस्टमास्तर जनरल झाले. ते लागले तेव्हा हिंदुस्थानात एकही विद्यापीठ नव्हते. तेव्हा मॅट्रिक नसणे हा त्या पिढीतला दोष नव्हे. मराठी शाळेतून पुढे आलेल्यांसाठी ‘मुलकी’ नावाची परीक्षा होती आणि तिचा दाखला घरोघरी जपून ठेवलेला आढळतो. पण ती इलाखा सरकारच्या नोकऱ्यांच्या दृष्टीने घेतलेली परीक्षा. टपाल खाते १८५४ पासून हिंदुस्थान सरकारच्या हातात, एका डायरेक्टर जनरलच्या खाली होते. त्यामुळे मुलकीचा दाखला सापडला तर तो माणूस लिहिण्या-वाचण्यात आणि हिशेबात पक्का होता असे समजावे. सापडला नाही म्हणून काही बिघडत नाही.

मग प्रत्यक्षात पाहत काय? पहिले म्हणजे अक्षर. आजच्या वाचकाला ही क्षुल्लक बाब वाटेल, पण टंकलेखन यंत्र नसलेल्या कचेरीत प्रत्येक रजिस्टर पत्राची नोंद ते ज्या ज्या हातातून जाई तेथे तेथे पुन्हा लिहिली जाई. निघण्याच्या ठिकाणी, गाडीत, जंक्शनला, पोचण्याच्या ठिकाणी, आणि शेवटी पोस्टमनच्या वहीत. पाच जणांपैकी एकाचा एकचा आकडा साताचा वाटला की पत्र हरवल्यासारखेच. मी नव्या मुलांना शिकवत असे तेव्हा पहिला आठवडा केवळ आकडे काढून घेण्यात घालवत असे, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मला काळाच्या मागे पडलेला मास्तर भेटल्याचे भाव दिसत. पहिले रजिस्टर पत्र शोधण्याची वेळ आली की ते भाव जात.

दुसरी गोष्ट हिशेब. १८५४ पूर्वी टपालाचा दर वजनाबरोबर अंतरावरही ठरत असल्यामुळे कारकुनाला कोष्टके उघडून प्रत्येक पत्राचे मोल काढावे लागे. त्या वर्षीच्या कायद्याने पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला, ते कोठेही जावो, अर्धा आणा हा दर आला, तिकीट न लावलेल्या पत्राला दुप्पट दर आला, आणि गणित सोपे झाले असे वाटले. पण पुढच्या तीस वर्षांत खात्याने एकेक काम अंगावर घेतले. १८७७ पासून व्ही. पी. ची, म्हणजे घेणाऱ्याने किंमत भरून सोडवायची, पार्सले, १८७९ मध्ये पाव आण्याचे पोस्टकार्ड, १ जानेवारी १८८० पासून मनिऑर्डर, १८८२ मध्ये सेव्हिंग बँक. आपले खापरपणजोबा लागले ते नेमके या घडामोडीनंतर, म्हणजे टपालाचा कारकून हा निम्मा खजिनदार झाला त्या काळात. सोळा आण्यांचा रुपया आणि बारा पैंचा आणा, अशा तिहेरी नाण्यात रोज संध्याकाळी रोकड, तिकिटे, मनिऑर्डरी आणि बँकेची पुस्तके यांचा मेळ बसवायचा, आणि एक पै कमी-जास्त झाली तर मेळ बसेपर्यंत घरी जायचे नाही.

येथे मराठी शाळेचा मुलगा इंग्रजी शाळेच्या मुलापेक्षा सरस ठरत असला पाहिजे, असे माझे स्वतःचे मत आहे. कारण त्याच्या तोंडी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी आणि औटकी असत. पाव तोळ्याला अर्धा आणा, तर पावणेदोन तोळ्याला किती, हे त्याला कागदावर मांडावे लागत नसे. माझ्या वडिलांना औटकी शेवटपर्यंत पाठ होती. मला साडेतीन गुणिले तेरा विचारले तर मी आजही बोटे चाळवतो.

तिसरी गोष्ट म्हणजे लिपी आणि गावे. खात्याच्या नोंदी इंग्रजीत ठेवायच्या असल्याने कामापुरते इंग्रजी, म्हणजे गावांची आणि माणसांची नावे रोमन अक्षरांत लिहिता येणे, छापील नमुने भरता येणे आणि वरिष्ठाचे पत्र समजणे, एवढे लागे. पण लोक पत्रे इंग्रजीत लिहीत नव्हते. लखोट्यावर बालबोध म्हणजे देवनागरी असे, मोडी असे, सराफकट्ट्यावरून आलेली गुजराती असे, आणि सीमेवरच्या तालुक्यात कानडीही असे. मोडीत लेखणी शक्यतो उचलायची नाही, शब्दांमध्ये जागा सोडायची नाही, आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद तर नाहीच. त्यातही त्या काळच्या पत्त्याची सुरुवात ‘राजमान्य राजेश्री’ने होऊन पुढे मायना, उपाधी आणि ‘यांचे सेवेसी’ इतके सगळे झाल्यावर कोठेतरी कोपऱ्यात गावाचे नाव येई, तेही ‘वडगाव’ एवढेच. असा लखोटा हातात घेऊन दोन क्षणांत तो कोणत्या थैलीत टाकायचा हे ठरवणे, हेच कारकुनाचे खरे कसब होते. मी नवा असताना पिंपळगाव बसवंतची एक छोटी पिशवी पिंपळगाव हरेश्वरकडे पाठवली होती, आणि ते तर स्वच्छ छापील पत्ते होते. चार दिवसांनी ती परत आल्यावर जे ऐकावे लागले ते लिहिण्यासारखे नाही. मोडीतल्या पिंपळगावांशी झुंजलेल्या त्या माणसांबद्दल मला तेव्हापासून आदर आहे.

गावांच्या जोडीला मार्गही माहीत असावे लागत, आणि तेही ऋतूनुसार. बोरघाटातून रेल्वे १८६३ मध्ये सुरू झाली, थळघाटातून १८६५ मध्ये, आणि त्यानंतर देशावरच्या टपालाचे मार्ग दर काही वर्षांनी बदलत गेले. कोकणचे टपाल बोटीने जाई, पण पावसाळ्यात बोटी बंद झाल्या की तेच टपाल घाटाने पायी उतरवावे लागे. हे ज्ञान पुस्तकात मिळत नव्हते. ते कचेरीत बसूनच मिळे. म्हणून खात्याला उमेदवारीची पद्धत सोयीची होती.

उमेदवारी हा शब्द आपण आता निवडणुकीसाठी राखून ठेवला आहे. तेव्हा उमेदवार म्हणजे जागा रिकामी होण्याची वाट पाहत कचेरीत बिनपगारी राबणारा मुलगा. तो लाख वितळवून थैल्यांना मोहोर लावी, याद्यांच्या नकला करी, मोडी पत्ते वाचून दाखवी, आणि कोणी कारकून आजारी पडला किंवा रजेवर गेला की त्याच्या जागी तात्पुरता बसे. वरिष्ठाला त्याचे अक्षर, हिशेब, वक्तशीरपणा आणि प्रामाणिकपणा महिनोन्‌महिने डोळ्यांसमोर दिसत असे. कोणत्याही दोन तासांच्या परीक्षेपेक्षा ही परीक्षा कठीण होती, असे मी आपल्या भाऊबंदांना सांगेन. पण तिची दुसरी बाजूही सांगायला हवी. दोन वर्षे बिनपगारी राहायचे, तर त्या गावात कोणा नातेवाइकाकडे राहण्याची किंवा वार लावून जेवण्याची सोय हवी, आणि घरच्या शेतावर त्या दोन हातांवाचून चालायला हवे. ही सोय कोणत्या समाजातल्या मुलांना होती, हे उघड आहे. सरकारी कचेऱ्या ब्राह्मण कारकुनांनी भरलेल्या आहेत आणि रयतेच्या पैशावर वरच्या वर्गाचे शिक्षण चालते, ही तक्रार जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे मांडली ती याच काळात. नियमात जातीची अट नसतानाही दार अरुंद कसे राहते, याचे उत्तर उमेदवारीत आहे.

वशिल्याबद्दल स्पष्टच लिहितो. विभागाचा सुपरिंटेंडेंट किंवा मोठ्या कचेरीचा पोस्टमास्तर हाच कनिष्ठ कारकून नेमीत असे, आणि तो अनोळखी मुलगा घेत नसे. कोणीतरी, बहुधा खात्यातलाच जुना माणूस, शाळेचा हेडमास्तर किंवा गावातला प्रतिष्ठित, त्याची शिफारस करी. आज आपण ज्याला वशिला म्हणून नाक मुरडतो तो तेव्हा अर्जाचाच भाग होता, कारण चारित्र्याची हमी देण्याचा दुसरा मार्ग नव्हता. फरक एवढाच की शिफारस करणाऱ्याला शब्द देऊन मोकळे होता येत नसे; कित्येकदा त्यालाच जामीन राहावे लागे.

जामीनकतब्याचा अर्थ येथे लागतो. रोकड आणि तिकिटे हाताळणाऱ्या कारकुनाने ठरावीक रकमेचा जामीन देणे हे टपाल खात्यात नोकरीच्या अटींपैकी होते. ज्याच्या नावावर जमीन, घर किंवा रोकड आहे असा माणूस लिहून देई की, अमुक याच्या हातून अपहार किंवा नुकसान झाल्यास या रकमेपर्यंत मी भरून देईन. पुढे ही हमी विमा कंपन्यांकडून किंवा कर्मचाऱ्यांच्या सहकारी निधीकडून घेण्याची सोय झाली; मी लागलो तेव्हा महिन्याला नाममात्र वर्गणी कापली जात असे आणि त्यामागे कधीकाळी कोणाचे तरी घर तारण असे, हे आमच्यापैकी कोणाला ठाऊकही नव्हते. एकोणिसाव्या शतकात मात्र जामीन न मिळाल्यामुळे हुशार मुलाची जागा जाणे सहज शक्य होते. माझ्या मते मॅट्रिकच्या दाखल्यापेक्षा हीच अट जास्त जड होती.

वय आणि प्रकृती यांबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. पेन्शनच्या नोकरीत पंचवीस वर्षांपुढच्या माणसाला सहसा घेऊ नये आणि प्रकृती ठीक असल्याचा डॉक्टरी दाखला असावा, असे सरकारी नियम होते. जन्मदाखले नसल्याने जन्मतारीख शाळेच्या नोंदीवरून किंवा पत्रिकेवरून घेत. सेवापुस्तकाच्या पहिल्या पानावर ती ‘शक्य तितकी अचूक’ लिहावी, असाच रकाना असे. त्यामुळे घरातली तिथी आणि सेवापुस्तकातली तारीख यांत एक-दोन वर्षांचे अंतर दिसले तर दचकू नये. त्याच पानावर मोजून घेतलेली उंची आणि अंगावरच्या ओळखीच्या खुणा असतात. पणजोबांचा एकही फोटो नसलेल्या एका बाईंना मी ‘डाव्या भुवईवर व्रण’ हे शब्द वाचून दाखवले तेव्हा त्या बराच वेळ त्या रकान्याकडेच पाहत राहिल्या होत्या.

परीक्षा नव्हतीच, असे मात्र म्हणू नये. ती आत शिरल्यावर, वर चढताना येई. शिवाय १८८३ पासून टपाल आणि तार एकाच कचेरीत ठेवण्यास सुरुवात झाली आणि त्यानंतर तारेचा कट्ट-कड, म्हणजे तारयंत्राची सांकेतिक भाषा, शिकलेल्या कारकुनाची किंमत वाढली. आपल्या खापरपणजोबांच्या कागदांत तारेच्या शिक्षणाचा उल्लेख असेल तर ती बढतीची पायरी समजावी, प्रवेशाची अट नव्हे. माझ्या वेळीही, गंमत अशी की, प्रवेशासाठी वेगळी लेखी परीक्षा नव्हती. शालान्त परीक्षेच्या गुणांवर निवड झाली, मग प्रशिक्षण, आणि खऱ्या परीक्षा त्यानंतर.

तेव्हा आपल्या प्रश्नापुरते असे म्हणता येईल : १८८७ मध्ये तालुक्याच्या पोस्टात कारकून होण्यासाठी स्वच्छ अक्षर, पक्का हिशेब, कामापुरते इंग्रजी, मोडी वाचण्याचा सराव, पंचविशीच्या आतले वय, धडधाकट प्रकृती, कोणाची तरी शिफारस, काही काळची उमेदवारी आणि लिहून दिलेला जामीन, इतके लागत असे, मॅट्रिक असल्यास उत्तम, नसल्यास अडत नसे. आपल्या कागदांवरून यातल्या निदान दोन गोष्टी, उमेदवारी आणि जामीन, सिद्धच आहेत.

यापुढे शोध घ्यायचा असेल तर जामीनकतबा पुन्हा नीट वाचून घ्या, मोडीत असेल तर जाणकाराकडून. त्यात खापरपणजोबांचे नाव तर असेलच, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे जामीन राहणाऱ्याचे नाव, त्याचे गाव आणि त्याने तारण लिहून दिलेल्या जमिनीचे किंवा घराचे वर्णन असेल. तो माणूस आजोळचा निघाला तर एक गोष्ट, सासरा निघाला तर दुसरी, आणि नात्यागोत्यातला नसून त्याच पोस्टातला जुना कारकून निघाला तर तिसरी. कतब्याची तारीख आणि नेमणुकीची तारीख शेजारी ठेवून पाहा. दोन्हींत काही दिवसांचेच अंतर असेल, तर इतके दिवस जागा रिकामी होण्यासाठी नव्हे, तर जामीन मिळण्यासाठी खोळंबा झाला होता, अशी शंका घ्यायला जागा आहे.